एका चपलेचा राक्षस

आमच्या घरातला राक्षस हिरवा आहे. त्याच्या पोटावर केस आहेत, तोंडात दात तीनच आहेत आणि पायात चप्पल एकच आहे. दुसरी कुठे गेली ते पुस्तकात सांगितलेलं नाही. माझ्या मुलीने, वय वर्षं साडेचार, यावर पुष्कळ विचार केलाय. तिच्या मते ती देवळाबाहेर चोरीला गेली. "राक्षस देवळात कशाला जाईल गं?" असं तिच्या आईने विचारलं, तर म्हणाली, "प्रसादाला."

हे पुस्तक आम्हाला भाईंदर पश्चिमेला मिळालं, बाजारातून भाजी घेऊन रिक्षा शोधत असताना. फुटपाथवर एक माणूस जुनी पुस्तकं मांडून बसला होता. स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड गाइडांच्या ढिगाखाली हा राक्षस दबला होता, फक्त शेपटी बाहेर. मुलीने शेपटीला धरून त्याला ओढून काढला आणि घरी येईपर्यंत रिक्षात पोटाशी धरून बसली. कोथिंबिरीची जुडी मात्र रिक्षातच राहिली.

मुलांच्या पुस्तकांबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. दुकानात गेलं की दुकानदार आधी संस्कारांची पुस्तकं पुढे करतो. त्यात एक शहाणा ससा असतो, एक आळशी माकड असतं आणि शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य असतं. त्या सशाला मी आजवर मनातल्या मनात फार शिव्या दिल्यात. मुलं दिवसभर काय कमी उपदेश ऐकतात? हात धू, हळू बोल, दूध संपव, काकांना नमस्ते कर. त्यावर झोपायच्या आधी आणखी एक ससा! त्यापेक्षा हा राक्षस बरा. त्याला कुणाला काही शिकवायचं नसतं. तो येतो, जोरात ओरडतो, तोंडावर आपटतो आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच करायला उठतो.

गोष्ट एवढीच, की राक्षस गावाला घाबरवायला येतो आणि कुणीच घाबरत नाही. म्हैस त्याला चाटते. विहिरीवरची म्हातारी त्याच्या दोन्ही हातांत कळश्या देते. किराणावाला विचारतो, "सुटे आहेत का?" दर पानावर हा बिचारा छाती फुगवून एकच आरोळी ठोकतो: "पळा! पळा! मी आलोय! तुमची बोटं खाणार, मीठ न लावता खाणार!" आणि पान उलटलं की कळतं, पळालेलं कुणीच नाही. हे पान उलटायचं ठिकाण ज्याने ठरवलं त्या माणसाला माझा दंडवत. मूल जिथे श्वास रोखतं, वाक्य बरोबर तिथेच तुटतं. चित्रकारही तसाच वस्ताद. लिहिलंय, सारा गाव थरथर कापू लागला, आणि चित्रात एक कोंबडी राक्षसाच्या चपलेवर बसून निवांत अंडं घालतेय. म्हणजे वाचणारा मोठा माणूस एक सांगतोय आणि खरं काय ते वाचता न येणाऱ्या मुलालाच दिसतंय. मूल बोट ठेवून म्हणतं, "खोटं! बघ ना, कोंबडी!" मोठ्या माणसाला रोज असं खोटं पाडायला मिळणं ही त्या वयात केवढी मेजवानी असेल.

एवढं कौतुक करतोय, पण हे पुस्तक मी वाचून दाखवेन असं काही ते घेताना ठरलं नव्हतं. वाचणं हे माझ्या बायकोचं खातं होतं, कारण मी अडखळत बोलतो. अगदी लहानपणापासून. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथेच ठिय्या देऊन बसतं. त्यात ‘प’ तर माझा जन्माचा वैरी. काही लोकांना वाटतं मी मितभाषी आहे, काहींना वाटतं मी मूग गिळून बसलोय. म्हणतात ना, बोलणाऱ्याचे कुळीथही विकले जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. माझे गहू मी निमूटपणे घोडबंदरच्या बाजूला, हायवेवरच्या एका गोदामाच्या ऑफिसात नेऊन ठेवले. तिथे आलेला माल आणि गेलेला माल कॉम्प्युटरवर चढवायचं काम आहे. फार बोलावं लागत नाही.

मीरा रोडला राहायला आल्याचा मात्र मला अनपेक्षित फायदा झाला. शांती नगरच्या आमच्या सेक्टरात सकाळी भाजीच्या गाडीभोवती तीन-चार भाषा एकदम भाव करत उभ्या असतात. पेरू अडला की मी ‘अमरूद’ म्हणतो. अमरूदही रुसला तर ‘जामफळ’. समोरच्याला वाटतं, काय माणूस आहे, सगळ्यांच्या भाषा येतात याला! शेजारचे गुजराती काका तर कौतुकाने म्हणतात, "तमे तो अमारा जेवा," म्हणजे तुम्ही तर आमच्यासारखेच. त्यांना काय सांगू, की मी तुमच्या भाषेत राहायला आलेलो नाही, आमच्या भाषेतून पळून आलोय. पाव मात्र सगळीकडे पावच. वडापावच्या गाडीवर मी अजूनही बोटं दाखवतो.

छापलेल्या शब्दाला अशी पळवाट नसते. तिथे ‘पळा’ लिहिलंय तर ‘पळा’च म्हणावं लागतं. शाळेत धडा वाचायची माझी पाळी आली की मी पहिल्याच शब्दावर अडायचो. मास्तर थोडी वाट बघायचे आणि "बस खाली, पुढचा" म्हणायचे. तेव्हाच मी मोठ्याने वाचायच्या बाबतीत कानाला खडा लावला होता.

माझी बायको एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि अधूनमधून तिची दुपारपाळी असते. तशीच एक संध्याकाळ होती. माझी आई देवापुढे दिवा लावत होती, गॅसवर कुकर होता, आणि मुलगी पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली.

"आई आली की वाचेल," मी म्हटलं.

"आत्ता."

"मग आजीला सांग."

"आजीचा चष्मा हरवलाय."

चष्मा कुठे असेल याची मला कल्पना होती, कारण तिच्या फ्रॉकच्या खिशातून त्याची काडी डोकावत होती. एवढी तयारी करून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी पहिलं पान उघडलं. राक्षस डोंगर उतरून गावात येईपर्यंत मी त्याला कसाबसा आणला. मग आरोळी आली.

"प... प... प..."

फारच लांबलं. मी डोळे मिटून घेतले, तसे ते अशा वेळी आपोआप मिटतातच. आता ती विचारणार, बाबा काय झालं, नाहीतर हसणार. काहीच झालं नाही. डोळे उघडून बघतो तर ती चित्रातल्या राक्षसाच्या उघड्या तोंडाकडे एकटक बघत होती, स्वतःचा श्वास रोखून. ‘पळा’ शेवटी सुटला तो एवढ्या जोरात, की आईने देवघरातून "काय रे?" म्हणून विचारलं. मुलीने टाळ्या पिटल्या. "परत!"

परतचा प्रश्नच नव्हता, पुढच्या पानावर तोच ‘प’ उभा होता. म्हैस झाली, विहीर झाली. किराणावाल्याच्या दुकानापाशी राक्षस पुन्हा अडला तेव्हा ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, तो घाबरलाय."

"कोण?"

"राक्षस. सगळ्यांसमोर जायचं म्हणून घाबरलाय. म्हणून त्याचं पहिल्यांदा निघतच नाही."

हे लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही, चित्रकाराने काढलेलं नाही. पण विचार केला तर त्यात खोटं काय आहे? एकच चप्पल घालून अनोळखी गावात दारोदार जायचं, ओरडायचं, आणि कुणी ढुंकून बघायचं नाही. घाबरणारच तो. एवढ्याशा पोरीने मला काही न विचारता, जराही न दुखवता, माझी आख्खी कुंडली मांडली होती, आणि तीही राक्षसाच्या नावाने. माझे डोळे भरून आले. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली, ती दचकली आणि हसायला लागली, म्हणून निभावलं.

मग मी रोज वाचायला लागलो. बायकोची सकाळपाळी आली तेव्हा तिने सवयीने पुस्तक हातात घेतलं आणि झरझर वाचायला सुरुवात केली. तिचं वाचन सुरेख आहे, आवाज गोड आहे. मुलीने पहिल्याच पानावर तिला थांबवलं.

"असा नाही बोलत तो. तू घाई करतेस."

"मग कसा बोलतो?"

"बाबाला विचार."

बायकोने पुस्तक माझ्या हातात दिलं. "घ्या! माझी नोकरी गेली," असं म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावरची खुशी काही लपली नाही. माझं बोलणं बरोबर आणि दुसऱ्याचं चुकीचं असा निकाल माझ्या आयुष्यात प्रथमच लागला होता.

त्या दिवसांत मी राक्षसांचा मोठा जाणकार झालो. एक सात नाकांचा राक्षस आणला, त्याला सर्दी झालेली असते. सातही शिंका वेगवेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर मुलगी परत काढायला लावते. एक बटणं खाणारा आणला, त्याच्या पोटात खुळखुळ वाजतं. ही पुस्तकं काढणारी माणसं कोण असतील याचं मला नेहमी नवल वाटतं. कुठेतरी एक प्रौढ, कदाचित टक्कल पडलेला, कर्जाचे हप्ते भरणारा माणूस टेबलाशी बसून ठरवतो, की पाचवी शिंक ‘आच्छू’ नको, ‘फुर्रर्र’ हवी. गंभीर पुस्तकं लिहिणाऱ्यांना लोक शाली देतात. मला विचाराल तर पहिली शाल या माणसाला द्यायला हवी. मोठ्या माणसाला कुणासमोरही लाज न वाटता वेडंवाकडं तोंड करता येईल अशी जागा तो बनवून देतो. मला तर ती अगदी मापाने शिवल्यासारखी बसली होती.

आणि एका संध्याकाळी आई मुलीचा हात धरून खालून वर आली. आई रोज सोसायटीच्या बाकावर बायकांबरोबर बसते आणि मुलं पार्किंगजवळच्या मोकळ्या जागेत खेळतात. एरवी या दोघी जेवणाची हाक मारेपर्यंत वर येत नाहीत. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. मुलीच्या एका पायात चप्पल नव्हती. तिला आत टीव्हीसमोर बसवून आई स्वयंपाकघरात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ही अडखळायला लागली."

"खेळतेय ती, आई. राक्षस झाली असेल."

"खेळता खेळताच लागतं. माझ्या कानांनी ऐकलं मी. हात वर करून उभी होती आणि नुसतं प, प, प. अगदी तुझ्यासारखं."

आमच्याकडे पूर्वापार सांगत आलेत, तोतऱ्याची नक्कल करू नये, आपली जीभही तशीच वळते. आईचा त्यावर पूर्ण विश्वास. मी लहान असताना तिने माझ्यासाठी काय केलं नाही? वेखंड उगाळून मधातून चाटवलं. वाचा मोकळी व्हावी म्हणून पिंपळाच्या पानावर दहीभात भरवला. पोपटाने टोचलेला पेरू खायला घातला. आम्ही तेव्हा परळला राहायचो, तिथे तिने पोपटाचा उष्टा पेरू कुठून पैदा केला हे मला अजून कळलेलं नाही. मी तो आवडीने खाल्ला आणि पहिल्यासारखाच अडखळत राहिलो.

"तुला आठवतं, आपण मामाकडे जायचं बंद केलं होतं?" आईने विचारलं.

आठवत होतं. मामा दोनच गल्ल्या सोडून राहायचा. मला खांद्यावर घेऊन फिरायचा, बोलायचा कमी, शीळ मात्र छान घालायचा. मग अचानक जाणं थांबलं. मला वाटायचं, मोठ्यांचं काहीतरी भांडण झालं असेल.

"भांडण कसलं?" आई म्हणाली. "तो अडखळायचा. तू त्याच्यासारखा बोलायला लागलास, तशी मी तुला तिकडे न्यायची बंद झाले. सख्खा भाऊ माझा. दारात आला तर त्याला चहा द्यायचे आणि तुला शेजारी खेळायला पाठवायचे. त्याला कळत होतं रे. कधी एका शब्दाने विचारलं नाही त्याने. तसाच गेला."

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, "पण आई, एवढं करून मी अडखळतोच ना?"

"मला उशीर झाला," आई म्हणाली. "तुझ्या वेळी उशीर झाला. आता तरी नको. तू तिला वाचून दाखवू नकोस. पाया पडते तुझ्या."

मला रागीट म्हणून आमच्या ऑफिसात सगळे ओळखतात, तोंडाने नसलो तरी ईमेलमध्ये. पण त्या क्षणी मला राग आला नाही. मला भीती वाटली. डॉक्टर, शिकलेले लोक, सगळं बाजूला राहिलं. माझी मुलगी वर्गात धडा वाचायला उभी आहे आणि बाई तिला "बस खाली, पुढची" म्हणतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि तिथून हलेचना. मी आईला म्हटलं, "बरं."

दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं, घसा बसलाय. तिने मला गरम पाणी आणून दिलं, म्हणजे आजीला करायला लावलं. त्यानंतर ऑफिसात मी रेंगाळायला लागलो. आधी ती पुस्तक घेऊन दाराशी बसलेली असायची. मग नुसती बसलेली असायची, पुस्तक नाही. पुढे तेही बंद झालं. बायको वाचायची आणि ती पाहुण्यांच्या घरी बसावं तशी शहाण्यासारखी बसून ऐकायची. कुठेही हरकत घ्यायची नाही. ते बघून मला जे वाटायचं ते सांगायला कोणत्याच भाषेत शब्द नव्हता.

बायकोला हे प्रकरण कळलं तेव्हा ती भडकली. आम्हा दोघांना घेऊन ती भाईंदर पश्चिमेच्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी मुलीशी बराच वेळ गप्पा मारल्या, मांजर, शाळा, चपलेचं काय झालं, सगळं. मग आम्हाला म्हणाल्या, नक्कल करून कुणी अडखळायला लागत नाही. घराण्यात असलं तर एखाद्या मुलात येतं कधीकधी. पण ते वाचून दाखवल्याने येत नाही आणि न वाचल्याने टळत नाही. ही तर छान बोलतेय, उलट हिला कमी बोलायचं औषध द्यावं लागेल.

घरी येऊन बायकोने हे आईला शब्दशः सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. "डॉक्टरांचं काय," ती म्हणाली, "याच्या वेळी म्हणाले होते, मोठा झाला की जाईल." तसं म्हणाले होते हे खरंच होतं.

आई आत गेल्यावर बायको माझ्याकडे वळली. "आईंनी मामांना आत येऊ दिलं नाही. तू तर स्वतःच दाराबाहेर जाऊन उभा राहिलायस."

मग तो रविवार आला. माझ्या बाईकचं मागचं चाक बसलं होतं, ते पंक्चरवाल्याकडे न्यावं म्हणून संध्याकाळी मी खाली उतरलो. बाकावर आई आणि इतर बायका बसल्या होत्या. मोकळ्या जागेत सोसायटीची सगळी चिल्लीपिल्ली जमली होती आणि मधोमध माझी मुलगी हात वर करून उभी होती, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. आजीने बजावूनही खेळ काही थांबला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

"प... प... प..."

तिच्याभोवती मुलं एक पाय पुढे टाकून, कोपरं वाकवून, पळायच्या तयारीत पुतळ्यासारखी थांबली होती. मराठी, गुजराती, हिंदी बोलणारी, सगळी. कुणी हलत नव्हतं. गुजराती काकांचा छोटा नातू तेवढा धीर सुटून पळाला, तसा एकच गिल्ला झाला.

"चीटिंग! चीटिंग! अभी नहीं भागने का! उसका पूरा नहीं हुआ!"

नातू खाली मान घालून परत आला आणि पाय पुढे टाकून उभा राहिला. मुलीने पुन्हा हात वर केले.

मी जवळच्या एका मोठ्या मुलीला विचारलं, "ये कौनसा खेल है?"

असल्या अडाणी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतंय याचा तिला वैताग आला. "राक्षसवाला, अंकल. राक्षस को बोलने में टाइम लगता है ना. वो पूरा बोलेगा, तब भागने का. और बीच में किसी ने उसका वर्ड बोल दिया तो वो आउट."

"क्यों?"

"क्यों मतलब? उसका वर्ड है, वोइच बोलेगा ना!"

मी बाईकचं हँडल धरून तिथेच उभा राहिलो. माझे शब्द आजवर कितीजणांनी पुरे केलेत. दुकानदारांनी, साहेबांनी, बायकोने, आणि सगळ्यांत जास्त आईने. बहुतेकांनी प्रेमानेच, मला त्रास नको म्हणून. माझं वाक्य अर्ध्यावर अडलं की कुणीतरी धावत येऊन ते उरलेलं घेऊन जातं आणि मी मोकळ्या हाताने उभा राहतो. त्यांना कुणाला मी कधी "थांबा" म्हटलं नाही, कारण तेही म्हणायला वेळ लागतो. आणि इथे, पार्किंगमध्ये, नाकं वाहणाऱ्या पोरांनी तो कायदाच करून टाकला होता. मला कोणी पाच एकर जमीन दिली असती तरी एवढा श्रीमंत वाटलो नसतो.

तेवढ्यात मुलीने मला पाहिलं.

"बाबा! ए, माझा बाबा असली राक्षस आहे! असलीवाला! बाबा, तू हो!"

"असली! असली!" पोरांनी धोशा लावला.

मी बाकाकडे पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होती. तिने मान हलवली नाही, होही नाही आणि नाहीही नाही. नुसती बघत होती, पण बाकाची कड तिने हाताने घट्ट धरली होती. मला नाही म्हणायला चांगलं कारण होतं, चाकात हवा नव्हती. मुलगी पळत आली, खाली वाकली, माझ्या एका पायातली चप्पल तिने काढून बाजूला ठेवली आणि जाऊन इतरांबरोबर एक पाय पुढे टाकून उभी राहिली.

मी बाईक स्टँडवर लावली. हात वर केले. पोरांनी श्वास रोखला.

"प..."

खरंच अडलं. राक्षसाचं नव्हे, माझं. ओठ चिकटले ते सुटेचनात. छातीत वारा कोंडला, मान ताठ झाली. एरवी मी डोळे मिटून घेतो, पण त्या दिवशी उघडे ठेवले, कारण समोर बघण्यासारखं होतं. एकही मूल हसत नव्हतं. एकही मूल कंटाळलं नव्हतं. जितकं लांबत होतं तितके त्यांचे डोळे मोठे होत होते, जितकं लांबेल तितकी गंमत जास्त. वॉचमनसुद्धा मोबाइल खाली ठेवून बघायला लागला. मुलगी पुढच्या पायावर झुकून माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी पहिल्या संध्याकाळी राक्षसाच्या तोंडाकडे बघत होती तशी.

"प... प..."

आणि बाकावरून आईचा आवाज आला. माझं बोलणं अडलं की गेली चाळीस वर्षं जो आवाज येतो तोच, सवयीचा, कळवळ्याचा.

"पळ..."

मुलगी गर्रकन वळली.

"आजी! तू आउट! तो बाबाचा शब्द आहे, तू नाही घ्यायचा! त्याला म्हणू दे!"

आईने हात तोंडावर नेला. तिने एकदा नातीकडे पाहिलं, त्या खाडखाड बोलणाऱ्या पोरीकडे. मग त्या सगळ्या पोरांकडे पाहिलं, जी अजूनही एक पाय पुढे टाकून थांबली होती. आणि मग माझ्याकडे. तिचे डोळे वाहायला लागले होते. हात तिने तोंडावरून काढला नाही, उलट आणखी घट्ट दाबून धरला, आतला शब्द बाहेर पडू नये म्हणून. आई माझ्यासाठी थांबली होती.

मग माझे ओठ सुटले.

"पळा!"

पोरं किंचाळत चहूकडे उधळली. आणि बाकावरून उठून, आउट झालेली असूनही, एका हाताने गुडघा धरत, आईसुद्धा त्यांच्यामागून पळाली.